निळ्यावर लाल थर

रंगाच्या कारखान्यात फिजिक्स शिकलेल्या बाईचं काय काम, हे मला नोकरीभर लोकांना समजावून सांगावं लागलं. लग्नकार्यात कुणी विचारलं आणि मी म्हटलं, "रंगापासून वीज करते," की समोरचा माणूस एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या आईकडे बघायचा. आईने शेवटी माझ्या वतीने उत्तर ठरवून टाकलं होतं. "ती लॅबोरेटरीत असते," एवढंच ती सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं, आणि पुढचे प्रश्नही यायचे नाहीत.

खालापूर तालुक्यातला आमचा कारखाना एक निळी भुकटी बनवायचा. छपाईची शाई, दारं-खिडक्यांचे ऑइलपेंट, प्लास्टिकच्या बादल्या, सगळीकडे तीच. उन्हात विटत नाही, आम्लात विरघळत नाही, अंगाला लागली तर साबणाला दाद देत नाही. वाळवणीच्या शेडमध्ये काम करणाऱ्या, डोंगरातल्या ठाकर आदिवासी वाड्यांवरच्या बायका संध्याकाळी घोट्यापर्यंत निळ्या पायांनी डोंगराच्या वाटेला लागायच्या. कारखान्यातला बगळासुद्धा निळसर आहे, असं आम्ही म्हणायचो.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे लागले. संशोधन विभागाचे प्रमुख डॉ. सामंत. माणूस रसायनशास्त्राचा, पण डोक्यात एक किडा होता. परदेशी मासिकांत त्यांनी वाचलं होतं, की अशा रंगद्रव्यांवर प्रकाश पाडला तर थोडी वीज मिळते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "शालिनीबाई, हा रंग इतका उन्हात राहतो, उन्हाचं काय करतो ते आपण कधी विचारलंच नाही. तुम्ही विचारायचं."

वाचकांसाठी थोडं सोपं करून सांगते. आज घरांच्या गच्च्यांवर दिसतात ती पॅनेलं सिलिकॉनची. ते सिलिकॉन भट्टीत, फार मोठ्या उष्णतेत तयार होतं. आमची कल्पना वेगळी होती. काचेवर वीज वाहून नेणारा एक पारदर्शक लेप द्यायचा. त्यावर निळ्या रंगाचा अतिशय पातळ थर, आणि त्यावर ॲल्युमिनियमचा थर. खालून काचेतून ऊन आलं की रंग ते गिळतो, आणि काच व ॲल्युमिनियम यांना तारा जोडल्या की वीज मिळते. मिळायला हवी, असं म्हणू या. थर किती पातळ? वहीच्या कागदाच्या जाडीचे हजार भाग करा, त्यातला एक.

इतका पातळ थर हाताने देता येत नाही. त्यासाठी काचेच्या मोठ्या घुमटाखाली सगळी हवा पंपाने काढून टाकायची. आत धातूच्या छोट्या पन्हाळीत चिमूटभर निळी भुकटी ठेवायची आणि पन्हाळी विजेने तापवायची. भुकटीची वाफ होते, वर जाते आणि वर टांगलेल्या काचेवर बसते. हवाच नसल्यामुळे वाटेत अडवायला कुणी नसतं. पहिल्यांदा तो निळा थर काचेवर उमटताना पाहिला, तेव्हा मी डॉक्टरांना हाक मारायचंही विसरले.

पण त्या काचेने वीज काही दिली नाही. तिच्यानंतरच्यांनीही नाही.

कारण साधं होतं, धूळ. काचेवर धुळीचा एक कण असला, तर त्याच्या सावलीत रंग बसत नाही, तिथे बारीक छिद्र राहतं. वरून ॲल्युमिनियम दिलं की ते त्या छिद्रातून थेट खालच्या लेपाला भिडतं आणि सगळी वीज तिथल्या तिथे संपते. अशी काच आम्ही "बसली" म्हणायचो. निळ्या भुकटीच्या कारखान्यात धुळीला काय तोटा? खिडक्यांच्या फटींना कापड लावलं, दारात ओलं गोणपाट टाकलं, मी स्वतः डोक्याला फडकं बांधून काम करू लागले. तरी काचा बसतच होत्या.

"इथून बाहेर पडल्याशिवाय हे व्हायचं नाही," मी डॉक्टरांना म्हटलं.

"बाहेर म्हणजे?"

"कारखान्याच्या बाहेर. गावात एखादं घर घेऊ."

डॉक्टर हसले, पण महिनाभराने खरंच लोधिवलीत एक घर भाड्याने घेतलं गेलं. जुन्या हमरस्त्यापासून आत, भातखाचरांच्या कडेला. मालकीण हिराबाई, नवरा वारलेला, स्वतःची शेती स्वतः करणारी. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागच्या तिच्या. घुमट, पंप, मीटर असा सगळा संसार टेंपोत घालून आम्ही आणला, तेव्हा गावातली माणसं जमली होती. काचेच्या घुमटाला चार जणांनी सांभाळून उतरवताना बघून हिराबाई म्हणाली, "देव कुटला बशिवनार यात?"

पावसाळाभर काम झकास चाललं. जमीन ओली, धूळ नाही. काचा बसायच्या कमी झाल्या, आणि एका दुपारी मीटरचा काटा हलला. फार नाही, सुतभर. मी काचेवरचा दिवा बंद केला, काटा खाली आला. दिवा लावला, वर गेला. मी हे इतक्या वेळा केलं, की डॉक्टर म्हणाले, "पुरे, आता काटा दमेल." आणि त्यांनी बाहेर जाऊन दोघांसाठी चहा आणला, जे त्यांनी त्याआधी आणि त्यानंतरही कधी केलं नाही.

दिवाळी झाली आणि हिराबाईच्या खळ्यावर भात आलं. आमच्या खिडकीपासून दहा पावलांवर खळं. झोडणी सुरू झाली, मग वाऱ्यावर उफणणी. सगळा कोंडा, फोलपटं, तूस उडून आमच्याच भिंतीवर. काचा पुन्हा धडाधड बसू लागल्या. मी तिच्याशी बोलायला गेले.

"हिराबाई, खळं पलीकडे नाही का नेता येणार?"

ती सूप खाली न ठेवता म्हणाली, "पल्याड चढ हाय. वारा कुटं भेटनार?"

"आमचं काम बिघडतंय हो."

"बाई, तुमची काच फुकट गेली तर दुसरी कराल. माजं भात भिजलं तर म्या काय करू? तुमी सांगा." मग सूप हलवत म्हणाली, "आमी भात झोडायचं नाय का?"

तिच्या घरात राहून तिच्या भाताला आड येणारी मी कोण? दोन दिवस मी नुसती खळ्याकडे बघत बसले. तेव्हा लक्षात आलं, की उफणायला वारा लागतो, आणि तो वारा दुपारी खाडीकडून सुटतो. सकाळी दंव पडलेलं असतं, वारा नसतो, खळ्यातली माती दबलेली असते. काच धुणं, पुसणं, घुमटाखाली ठेवणं ही धुळीची भीती असलेली सगळी कामं सकाळी उरकायची. एकदा घुमट बंद झाला आणि हवा काढली, की बाहेर आख्खं भात उडालं तरी आत काही शिरत नाही. मी हिराबाईला जाऊन सांगितलं, "ऊन चढेपर्यंत झोडणी थांबवा, मग दिवसभर तुमचं राज्य."

"सकाळी आमी बी गवत कापाया जातो," ती म्हणाली. "आदी सांगाचं ना! तोंड फुगवून बसल्या व्हत्या."

त्या दिवसापासून आमचं चांगलं जमलं. तिच्या घरात नवीन तांदळाची भाकरी झाली की एक आमच्याकडे यायची, मात्र दारातच. आत पाऊल टाकण्याआधी ती स्वतः पाय धुवायची आणि डॉक्टरांनाही धुवायला लावायची. डॉक्टरांना मी दोन वर्षं सांगत होते, ते कधी ऐकत नव्हते. तिचं ऐकायचे.

काटा हलत होता, पण सुतभरच. का, ते सांगते, कारण आमचा सगळा झगडा त्यात होता. सिलिकॉनमध्ये ऊन पडलं की त्यातला ऋण कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, मोकळा होतो आणि चालू लागतो. आमच्या रंगात तसं होत नाही. तिथे ऋण कण आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा ही जोडी एकमेकांना धरूनच राहते. थरातून ती थोडी इकडेतिकडे फिरते आणि विझून जाते. विझण्याआधी ती एखाद्या सीमेपर्यंत पोचली, तरच तिची ताटातूट होते आणि वीज मिळते. गळक्या हंड्याने पाणी आणायचं असेल तर विहीर घराजवळ हवी. आमची विहीर होती ॲल्युमिनियमजवळ. तिथून दूर पडलेलं सगळं ऊन वाया. मग थर आणखी पातळ करायचा म्हटलं, तर पातळ थर ऊनच कमी गिळतो. जाड केला तर ऊन मिळतं पण पोचत नाही, पातळ केला तर पोचतं पण मिळत नाही. या दोहोंच्या मध्ये आम्ही काही वर्षं काढली. ठाण मांडून काढली, हे अभिमानाने सांगते. रोज सकाळी काच, दुपारी थर, दुसऱ्या दिवशी मोजमाप. जाडी बदल, तापमान बदल, भुकटी आधी तापवून शुद्ध करून बघ. शुद्ध करायची रीत तर फार देखणी. लांब काचेच्या नळीत एका टोकाला भुकटी तापवायची, आणि दुसऱ्या गार टोकाकडे तांबूस चकाकीचे सुईसारखे जांभळे स्फटिक जमायचे. मळ मध्येच अडकून राहायचा.

एव्हाना तालुक्यात बातमी पसरली होती, की लोधिवलीला उन्हावर वीज करतात. त्यामुळे गिऱ्हाइकंही यायची. एक हॉटेलवाला आला, त्याला रस्त्याकडेच्या पाटीसाठी दिवे हवे होते. एका बुवांनी विचारलं, की मंत्र म्हटला तर काटा जास्त हलेल का. मी म्हटलं, म्हणून बघा. त्यांनी म्हटला. काटा हलला नाही तेव्हा ते म्हणाले, "यंत्र अशुद्ध आहे." डॉक्टर आतून ओरडले, "तेच तर आम्ही सांगतोय!"

पण सगळेच असे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

कारखान्याचा रौप्यमहोत्सव आला. विक्री विभागाचे प्रधान नावाचे अधिकारी आमच्याकडे आले. माणूस हुशार, बोलायला गोड. त्यांना समारंभात आमची काच ठेवायची होती. मंडपात पाहुणे, वार्ताहर, आसपासच्या गावांचे पुढारी, आणि मध्यभागी रंगाच्या विजेवर पेटलेला दिवा.

"दिवा पेटणार नाही," मी म्हटलं. "मीटरचा काटा हलेल."

"काटा कुणाला दिसतो, बाई? मागच्या रांगेला दिवा दिसला पाहिजे."

"या काचेवर दिवा पेटत नाही, प्रधानसाहेब."

ते खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "टेबलाखाली दोन सेल ठेवा. काचेवर ऊन पडलं की तुम्ही बटण दाबा. उद्या नाहीतर परवा पेटणारच आहे ना तुमचा? आपण थोडं आधी पेटवतोय, एवढंच."

मी नाही म्हटलं. त्यांनी समजावलं, मग आवाज चढवला. मोठ्या साहेबांना, म्हणजे मालकांना, आधीच दिव्याचं सांगून झालं आहे, असंही ते म्हणाले. दिवा नसेल तर ही खोली बंद होईल, आणि माझी रवानगी रंगाच्या छटा जुळवण्याच्या टेबलावर होईल.

ते गेल्यावर मी डॉक्टरांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते. "मी तुमच्या मागे उभा आहे, शालिनीबाई," ते म्हणाले. "पण माझ्या मागे कुणी नाही, हे लक्षात असू द्या."

रात्री झोप लागली, हे खरं सांगते. निर्णय घ्यायचा असतो तेव्हा झोप लागत नाही. माझा निर्णय झाला होता. खोटा दिवा एकदा पेटला, की पुढे प्रत्येक खऱ्या सुतभर काट्याला लोक विचारणार, दिवा कुठे आहे? मग मला जन्मभर टेबलाखाली सेल ठेवावे लागले असते.

समारंभाच्या दिवशी मी टेबलावरचा झालरीचा कपडा काढायला लावला, म्हणजे खाली काही नाही हे सगळ्यांना दिसावं. हिवाळ्यातलं स्वच्छ ऊन होतं, टेबल मंडपासमोर उघड्यावर होतं. मोठे साहेब समोर, त्यांच्या बाजूला प्रधान, चेहरा दगडासारखा. मी हातात माईक घेतला आणि सांगितलं, "इथे आज दिवा पेटणार नाही. आमच्या रंगातून वीज निघते, ती इतकी थोडी आहे की फक्त हा काटा हलेल. जवळ येऊन बघा." आणि काचेवरचं काळं कापड उचललं. काटा हलला. मी कापड टाकलं, उचललं, टाकलं.

मंडपात कुजबुज झाली. कुणी हसलंही. पहिल्यांदा उठून आले ते कोंडाणे गावचे धर्मा पाटील, तिथल्या लेण्यांच्या पायथ्याशी शेती असलेले, डोक्याला पागोटं. त्यांनी काच निरखली, मग वर सूर्याकडे बघितलं.

"बाई, येवडा मोटा सूर्य, आन् त्याच्यातून येवडीशीच?"

"आज एवढीच."

"माज्या नदीवरचं यंजिन चालल का यावर?"

"नाही. आज नाही, आणि लवकरही नाही."

"मंग कशापायी करताव?"

मी म्हटलं, "पाटील, यात भट्टी लागत नाही. हे रंगासारखं पोत्यात भरता येतं. एक दिवस घराचं छत रंगवावं तसं रंगवता आलं, तर तुमच्यासारख्याला परवडेल. तो दिवस यायला कुणीतरी ही आजची काच करायला पाहिजे."

त्यांनी स्वतःच कापड टाकून पुन्हा उचलून बघितलं. मग मागे वळून बाकीच्या गावकऱ्यांना म्हणाले, "या रं पुढं. बाई खोटं नाय बोलत. यंजिन नाय चालनार म्हनते." या शिफारशीवर सगळी रांग पुढे आली. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने कापड उचलायचं होतं.

शेवटी मोठे साहेब आले. त्यांनीही कापड उचललं. "हे टिकतं किती?" त्यांनी विचारलं. व्यापाऱ्याचा प्रश्न, आणि नेमका दुखऱ्या जागी.

"उन्हाळ्यात काही आठवडे," मी म्हटलं. "पावसाळ्याच्या हवेत लगेच मरतं. ॲल्युमिनियम ओल खातं."

"मग एक पावसाळा काढून दाखवा. तोवर खोली तुमची. नाही निघाला तर कुलूप."

प्रधान त्यानंतर माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. पण एक कबूल करते, टेबलाखालच्या सेलचा विषय त्यांनी पुन्हा कुणाकडेही काढला नाही.

माथेरानच्या डोंगराखालचा पावसाळा ज्याने काढला नाही, त्याला त्या अटीचा अर्थ कळायचा नाही. तिथे चपलांना बुरशी येते, काडेपेटी चुलीजवळ ठेवावी लागते, आणि मीठ बरणीत पाणी होऊन बसतं. त्या हवेत कागदाच्या हजाराव्या हिश्शाचा थर जिवंत ठेवायचा होता.

आम्ही मेण ओतून बघितलं, ते मेच्या उन्हात वितळून ओघळलं. लाख लावली, तिला तडे गेले. शेवटी काचेवर दुसरी काच पालथी घालून, मध्ये ओल शोषणारे निळे खडे ठेवून, कडा दोन नळ्यांतून काढून मिसळला की घट्ट होणाऱ्या डिंकाने बंद करायच्या असं ठरलं. हे खडे ओल शिरली की गुलाबी होतात, त्यामुळे काच आतून स्वतःच तब्येत सांगायची. चिकटवण्याचं काम कोरड्या हवेत व्हायला हवं, म्हणून एका लाकडी पेटीत कळीचा चुना ठेवला, पेटीला दोन भोकं पाडून त्यांत रबरी हातमोजे बसवले, आणि मी त्यांतून हात घालून, वरच्या काचेतून बघत काम करायची. पेटीत दिवा असल्याने घाम हातमोज्यांतून कोपरापर्यंत यायचा.

अशा सहा काचा तयार झाल्या. हिराबाईच्या कौलांवर एक फळी ठोकून त्या तिथे बसवल्या. शिडी धरायला तीच उभी होती.

"उडून गेलं तर?" तिने विचारलं.

"तर कुलूप."

"मंग म्या आनखी दोन खिळे देते."

पाऊस लागला. आठवड्यातून एकदा पाऊस उघडला की मी शिडी चढायची. आधी एका काचेतले खडे गुलाबी झाले, मग दुसऱ्या. श्रावण येईपर्यंत तीन गेल्या. एका तुफानी रात्रीनंतर आणखी दोन. प्रत्येक मेलेली काच मी खाली आणून फोडून बघितली. डिंक कुठेच सुटला नव्हता. पाणी शिरलं होतं ते तारा बाहेर येतात तिथून. गोल तारेभोवती डिंकाला केसाएवढी फट राहात होती. कौलांवर उरलेल्या एकाच काचेला, तार संपली म्हणून, मी तारेऐवजी तांब्याच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या लावल्या होत्या. पट्टी सपाट, डिंक तिला दोन्ही बाजूंनी नीट धरतो. त्या काचेतले खडे तेवढे निळे होते.

घटस्थापनेला मोठे साहेब स्वतः आले, गाडी रस्त्यावर ठेवून खाचराच्या बांधावरून चालत. मी काच खाली उतरवली. खडे निळे. मीटर जोडलं, अंगणातल्या उन्हात धरली. काटा पूर्वीच्या निम्म्यापर्यंत गेला आणि तिथे थांबून राहिला. साहेबांनी काचेच्या कडेवरून बोट फिरवलं.

"बाकीच्या पाच?"

"मेल्या. का मेल्या ते आता माहीत आहे. पुढच्या वर्षी सहाच्या सहा राहतील."

"चालू ठेवा," ते म्हणाले. हिराबाईने त्यांना पाणी दिलं, आणि ते गाडीकडे गेले. दुसऱ्या पावसाळ्यात सहापैकी पाच राहिल्या. मी सहा म्हटलं होतं. एक माकडाने पाडली.

अशी वर्षं गेली. काचा टिकू लागल्या, पण काटा काही सुताच्या पुढे जाईना. थर जाड की पातळ, हे कोडं तसंच. मग ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात एक दिवस डॉक्टर पोस्टाने आलेलं परदेशी मासिक घेऊन आले. नेहमी ते उभ्याने बोलायचे. त्या दिवशी बसले.

"शालिनीबाई, झालं," ते म्हणाले.

"काय झालं?"

"वाचा."

परदेशातल्या एका प्रयोगशाळेने आमचाच निळा रंग घेतला होता. पण त्यावर लगेच ॲल्युमिनियम न देता आधी एका लाल रंगद्रव्याचा थर दिला होता, आणि त्यावर चांदी. निळा आणि लाल जिथे भेटतात, तिथेच सीमा. विहीर घराच्या बाहेर शोधायची गरजच नाही, ती घराच्या मधोमध. कणांची जोडी तिथे पोचली की लाल थर ऋण कण ओढून घेतो, निळा रिकामी जागा ठेवून घेतो, आणि दोघे दोन दिशांनी चालू लागतात. थर पातळ ठेवता येतात, कारण आता दोन्ही रंग ऊन गिळतात. पडलेल्या उन्हाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास वीज मिळाली होती. सिलिकॉनच्या मानाने काहीच नाही. आमच्या मानाने डोंगर.

मी मजकूर दोनदा वाचला. तो लाल रंग आम्हाला परका नव्हता. त्याच्याच जातीची एक गडद लाल भुकटी मोटारगाड्यांच्या रंगासाठी आमच्या कारखान्यात बनत होती, आणि तिची पोती आमच्या गोदामात निळ्याच्या पोत्यांना टेकून उभी होती. ते दोन रंग रोज एकमेकांना भेटत होते. आम्ही त्यांना घुमटाखाली भेटवलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "निवृत्तीला माझी दोन वर्षं राहिली आहेत. मला वाटलं होतं, हे आपल्या हातून होईल."

मी मासिक मिटलं. "डॉक्टर, हे झालं आहे, हे आता माहीत झालं. म्हणजे होतं. आतापर्यंत तेही माहीत नव्हतं."

"म्हणून?"

"म्हणून गोदामाची किल्ली कुणाकडे आहे ते सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच खुर्चीतून उठताना गुडघ्यावर हात दिला नाही. किल्ली प्रधानांकडे होती. ते स्वतः आले, पोतं उघडलं आणि विचारलं, "किती लागेल?" मी म्हटलं, "पसाभर." ते म्हणाले, "पोतं घेऊन जा."

लाल भुकटी नळीत घालून शुद्ध करायला काही दिवस गेले. मग एका दवाच्या सकाळी मी काच धुतली. हिराबाईने खळ्यातल्या माणसांना विळे घेऊन शेतात पाठवलं. घुमट बंद झाला, पंप सुरू झाला. आधी निळा थर दिला, आम्ही आजवर धाडस केलं नव्हतं इतका पातळ. इतक्या पातळ थरात धुळीचा एक कणही चालत नाही, आणि इतकी वर्षं आम्ही दुसरं केलं काय होतं? धुळीशीच तर झुंजत होतो. त्यावर लाल थर दिला. काच जांभळट दिसू लागली. वरून चांदी.

दुपारी काच बाहेर काढली. बसली नव्हती. डॉक्टर मीटरसमोर, मी काचेपाशी, दारात हिराबाई सूप घेऊन. मी काच उन्हात धरली.

काटा उठला, सुताला मागे टाकून पुढे गेला, शेवटच्या आकड्यापाशी पोचला आणि टोकाला टक्कन आपटला.

"बिघडलं का?" हिराबाईने विचारलं.

डॉक्टरांनी हात पुढे करून मीटरची कळ फिरवली आणि दहापट मोठ्या मोजणीवर लावली. काटा खाली आला, आणि नव्या मापावर, मध्याच्या थोडा अलीकडे, स्थिर राहिला.

"वाचा, शालिनीबाई," ते म्हणाले. "मला चष्म्यातून नीट दिसत नाही."

मी आकडा वाचला. मग काच सावलीत ठेवली आणि उद्या सकाळी धुवायला दुसरी काढली.